आलिरोचा सूट

खाणीवर जाताना भावाने बोर्ड विकला,
सूट नाही विकला.
दाराआडच्या दांडीकडे बोट दाखवून म्हणाला,
"यानिरा, एवढा सांभाळ. डिसेंबरात येतोच."
आणि बस सुटेपर्यंत खिडकीतून त्याच सूचना:
गरम पाणी नको, ऊन नको,
पिळायचा तर मुळीच नको.
खांद्यांवर टांगू नकोस, खांदे ओघळतात.
कमरेत दुमडून टाक दांडीवर,
दमलेला माणूस कुंपणावर ओणवतो तसा.
शेवटी, बस हलल्यावर,
अख्ख्या बुकालेमूला ऐकू जाईल असं ओरडून:
"आणि आत मुतायचं नाही!"

मी तेव्हा चौदाची. सूट माझ्या दीडपट.
न वापरलेला सूट धुवावा लागतो का,
विचारायला कुणी नव्हतं,
म्हणून महिन्यातून एकदा धुवायचे.
आई ज्या टबात कोचायुयो भिजवते
त्यातला बुळबुळीत थर खरवडून काढायचा,
गोडं पाणी भरायचं,
आधी बाहेरून, मग उलटा करून आतून.
दर वेळी तळाशी वाळू.
दर वेळी वाटायचं, संपली आता.
पुढच्या महिन्यात पुन्हा चमचाभर.

डिसेंबर आला.
मग बरेच डिसेंबर आले.
कालामाहून पैसे यायचे, कधी फोटो:
हेल्मेट, गॉगल, मागे पोखरलेला डोंगर,
जिथे म्हणे वर्षानुवर्षं थेंब पडत नाही.
लाटांतला माणूस इतक्या कोरड्यात
तडकत कसा नाही, हे विचारलं नाही मी.
रबर तडकतं, तेवढं माहीत होतं.
झिपेच्या दातांना मेण चोळत बसायचे.

एका जुलैत डाव्या गुडघ्याला चीर दिसली,
नखाएवढी, बहुतेक नखानेच गेलेली.
म्हाताऱ्या एलेउतेरियोकडे नेला.
तो पाणबुड्यांचे सूट सांधतो,
तीन बोटांनी; बाकीची दोन कुठे गेली ते सांगत नाही.
दोन्ही कडांना डिंकाचा पातळ हात दिला
आणि खिडकीबाहेर बघत बसला.
"चिकटवा ना," मी म्हटलं.
"लगेच चिकटतं ते लगेच सुटतं," म्हणाला.
दहा मिनिटांनी दुसरा हात. पुन्हा खिडकी.
मग ठिगळ ठेवून अंगठ्याने असं दाबलं
की टेबल कुरकुरलं.
"घालतं कोण हा?"
"भाऊ."
"कधी?"
मी गप्प.
"नुसतं टांगलेलंही म्हातारं होतं, पोरी.
याला पाणी लागतं. आत अंग लागतं."

मग त्या रविवारी फोन.
मुलाच्या बारशाचं बोलता बोलता, हसत:
"तो सूट विकून टाक गं, पोट सुटलंय मला.
आता माझा एक पाय तरी जाईल का त्यात?"

फोन ठेवला. पायांत पावाच्या पिशव्या घातल्या,
म्हणजे पाय सरकतात, हे त्यानेच शिकवलेलं.
नखं न लावता, बोटांच्या पेरांनी,
पोटऱ्या, मांड्या, वीत वीत वर ओढत गेले.
गुडघ्यावर गुडघा आला.
कधी आले मी एवढी?
फक्त खांद्यांत तो थोडा शिल्लक होता.

पाणी अकरा अंश.
मानेमागून आधी सुरी शिरते,
पाठीवर घरंगळते, कमरेशी अडते,
आणि थोड्या वेळाने ती सुरी राहत नाही.
शेजारच्या रेनातोचा बोर्ड, तोही भेगाळलेला.
दोन लाटांनी मला उलटंपालटं केलं,
तिसरी खालून निघून गेली, ओळख न देता.
मी तिथेच बसून राहिले, पाय सोडून.
काठावर आई वाकून कोचायुयो कापत होती,
तिचं लक्ष नव्हतं. कुणाचंच नव्हतं.

आणि मग मी तो एक नियम मोडला.

ऊब मांड्यांतून खाली उतरत
गुडघ्यापर्यंत, ठिगळापर्यंत गेली.
ठिगळाने धरून ठेवली.
भर समुद्रात एकटी हसत सुटले मी,
तोंडात खारं पाणी जाईपर्यंत.

संध्याकाळी दोनदा विसळला,
दुसऱ्यांदा झाकणभर व्हिनेगर घालून.
सावलीत, उलटा, कमरेत दुमडून.

विकला, असं कळवलंय त्याला.
किती आले, म्हणून विचारत होता.
बरे आले, म्हटलं.